पावणेतीनपर्यंतची वाकळ

गेल्या वर्षी मे महिन्यात वेंगुर्ल्याहून परत निघताना आईने कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी आजीच्या एका जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली होती. नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलव्हीनला घरी पोहोचून बॅग उघडली तेव्हा बरणी शाबूत निघाली, आणि ते नऊवारी लुगडे मी हलक्या हाताने धुऊन, घडी घालून कपाटात ठेवून दिले. त्याचा रंग मूळचा अंजिरी असावा. आता तो काठाजवळ तेवढा ओळखू येतो, मधला भाग पाण्यात भिजलेल्या वाळूसारखा झाला आहे आणि दोन ठिकाणी इतका विरला आहे की त्यातून हात दिसतो. आजीला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आईने ते लुगडे मुद्दाम निवडले की हाताशी आले म्हणून घेतले, हे मी तिला अजून विचारलेले नाही. त्याची वाकळ शिवावी हे मला सुचले ते त्यानंतर आठ महिन्यांनी, जानेवारीत, आणि त्याला निमित्त झाला माझा धाकटा मुलगा.

नेदरलँड्समध्ये मूल चार वर्षांचे झाले की वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासूनच प्राथमिक शाळेत जाऊ शकते. शिक्षणाची सक्ती पाचव्या वर्षापासून आहे, पण बहुतेक घरांतली मुले चौथ्या वर्षीच जाऊ लागतात. आपल्याकडे जशी जूनची वाट पाहायची असते तशी इथे पाहावी लागत नाही, त्यामुळे एकेका वर्गात वर्षभर नवी मुले एकेक करून येत राहतात. आमच्या मुलाचा वाढदिवस जानेवारीतला. आदल्या दिवशी घरात केक कापला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता तो आपल्या मोठ्या बहिणीचा हात धरून, पाठीवर दप्तर आणि दप्तरात पावाचा डबा घेऊन, फाटकातून आत गेला. मागे वळून पाहिले ते त्याच्या बहिणीने, त्याने नाही. पावणेनऊला मी घरी पोहोचले. बाहेर अजून नीट उजाडलेले नव्हते. कोट अंगातच होता, बूट काढलेले नव्हते, आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर मला या घरात पहिल्यांदाच इतकी स्पष्ट ऐकू आली. सात वर्षांत प्रथमच माझ्यासमोर सहा तास असे होते की ज्यात मला कोणी हाक मारणार नव्हते.

लग्नाआधी सहा वर्षे मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करत होते. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही असा तिथला शिरस्ता होता, आणि पाच रुपयांच्या फरकासाठी आम्ही सगळे सात वाजेपर्यंत बसलेलो मला आठवते. ती सवय माझ्यात मुरलेली आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. त्याच्या परवान्यामुळे मलाही इथे वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते, आणि तरीही मुले लहान असेपर्यंत मी घरी राहावे हा निर्णय आम्ही दोघांनी विचार करून घेतला, त्यात माझा वाटा अर्ध्याहून अधिकच होता. त्यामुळे माझ्यावर काही लादले गेले असे मला वाटत नाही. पण मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर मी पहिले काम केले ते एक वही घेऊन तिच्यात तासांचा जमाखर्च लिहिण्याचे. नऊ ते दहा भांडी आणि कपडे, दहा ते साडेदहा दुकान, साडेदहा ते साडेअकरा डच भाषेचा अभ्यास, अशा त्या नोंदी असत. कोणी विचारले तर दाखवता यावे म्हणून मी त्या लिहीत होते, आणि तीन आठवड्यांत कोणी विचारले नाही.

एके दिवशी मी त्या वहीत लिहिले, ‘११.१० ते ११.४०, खिडकी’. घरासमोर एक अरुंद कालवा आहे. त्याच्या काठावर एक राखी बगळा उभा होता आणि मी अर्धा तास त्याच्याकडे पाहत बसले होते. तो हलला नाही आणि मीही हलले नाही. ही नोंद कोणत्या रकान्यात घालावी ते मला कळेना, कारण माझ्या वहीत घरकाम, खरेदी, अभ्यास आणि मुले एवढेच रकाने होते. मराठीत आपण ‘सवड काढणे’ म्हणतो, ‘उसंत मिळणे’ म्हणतो, ‘वेळ घालवणे’ म्हणतो. सवड दुसऱ्या कामातून ओढून काढावी लागते, उसंत कोणाच्या तरी कृपेने मिळते, आणि घालवलेला वेळ वायाच गेलेला असतो. आपण होऊन आलेल्या, आपल्याच मालकीच्या मोकळ्या वेळेसाठी मला लगेच क्रियापद आठवले नाही. मी वही बंद केली, आणि त्या दिवशी दुपारी कपाटातून लुगडे बाहेर काढले.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पावसाळ्यापूर्वी, शेतीची आणि आंब्या-काजूची धावपळ थोडी आवरली की आजी पडवीत वाकळ मांडायची. आधी जमीन सारवून, वाळवून घ्यायची. मग जुन्या लुगड्याची दुहेरी घडी अंथरायची, तिच्यावर घरातले सगळे जीर्ण कपडे, धोतरांचे तुकडे, बाळांची दुपटी, फाटलेल्या चादरी अशा थरांनी पसरायच्या की कुठेही उंचवटा येऊ नये, आणि सर्वांत वर पुन्हा लुगडे. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी तांब्या, जे जड हाताशी येईल ते ठेवून कापड ताणून धरायचे, मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना बांधून घ्यायचे, आणि मग काठापासून शिवायला सुरुवात करायची. धावदोऱ्याची एक ओळ चारी कडांनी फिरून आली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, अशी वाकळ बाहेरून आत आत मिटत जाते. दोऱ्याच्या गाठी थरांच्या मध्ये लपवायच्या, अंगाला टोचता कामा नयेत. शेजारच्या दोघी-तिघी दुपारची झाकपाक झाली की येऊन बसत, एकेक बाजू वाटून घेत, आणि हात चालू ठेवून बोलत. त्या बोलण्यात गावातल्या प्रत्येक घराची खबर असे. आम्हा मुलींना सुईत दोरा ओवून द्यायचे काम, कारण आमची नजर तरुण होती. तो आजीचा विसावा होता हे मला आता उमजते. तिने आयुष्यात हात मोकळे ठेवून विसावा घेतलेला मी पाहिला नाही, पण वाकळ शिवताना तिचा चेहरा जसा सैल होत असे तसा झोपेतही होत नसे.

इथे पडवी नाही आणि सारवलेली जमीनही नाही. बैठकीच्या खोलीतले मेज भिंतीला लावून मी लाकडी फरशीवर लुगडे अंथरले, तेव्हा त्याने जवळजवळ सगळी खोली व्यापली. आतल्या थरांसाठी मुलांची दुपटी होती, ती मी दोन्ही वेळा भारतातून आणली होती आणि कोणाला देऊन टाकायला मन होत नव्हते. नवऱ्याचे कॉलर झिजलेले चार सदरे, माझ्या दोन सुती साड्या आणि एक पडदा होता. प्रश्न सुई-दोऱ्याचा होता. दुकानांतला शिलाईचा दोरा वाकळीसाठी फार बारीक पडतो. शेवटी ५ क्रमांकाच्या ट्रामने ॲमस्टरडॅमला गेले. तिथल्या योर्दान भागात वेस्टरस्ट्राट नावाचा रस्ता आहे, त्यावर दर सोमवारी सकाळी कापडाचा बाजार भरतो आणि लोक त्याला ‘लाप्येसमार्क्ट’, म्हणजे तुकड्यांचा बाजार, म्हणतात. गाठोडी, ताग्यांचे उरलेले भाग, बटणांचे डबे, लोकरीचे गुंडे, आणि हाताच्या दोन बोटांत कापड चोळून पाहणाऱ्या बायका. ते बोटांत चोळून पाहणे अगदी आपल्याकडच्यासारखेच होते. एका म्हाताऱ्या विक्रेत्याला मी माझ्या तुटक डचमध्ये आणि पुष्कळशा हातवाऱ्यांनी सांगितले की पाच-सहा थरांतून जाईल अशी सुई आणि तिला शोभेल असा दोरा हवा. त्याने मेण लावलेला जाड पांढरा सुती दोरा काढून दिला, आणि एक तुकडा तोडून, दोन हातांत ताणून, तो तुटत नाही हे मला दाखवले.

शिवायला बसण्याची जागा उजेडाने ठरवली. इथे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, आणि जानेवारीतही परिस्थिती फारशी सुधारलेली नसते. ढगाळ दिवशी तर दुपारी बारालाही सुईचे नाक दिसत नाही. म्हणून मी रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशी बसू लागले. डच घरांच्या या खिडक्या जवळजवळ भिंतीएवढ्या असतात आणि पुष्कळ घरांत त्यांचे पडदे दिवसाच काय, दिवे लागल्यावरही ओढत नाहीत. पहिल्या वर्षी मला याचा फार संकोच वाटे, आणि मी दिवसभर पातळ पडदे ओढून घरात वावरत असे. वाकळीसाठी ते बाजूला सारावे लागले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आता मी दिसत होते आणि मलाही ते दिसत होते. पोस्टमन, कुत्रा फिरवणारे गृहस्थ, पुढे लाकडी खोका असलेल्या सायकलीत दोन मुले बसवून जाणारी आई, आणि चाकांच्या आधारगाडीला धरून सावकाश चालणारी, समोरच्या ओळीतल्या शेवटच्या घरातली एक वृद्ध बाई. ती पहिल्या दिवशी थांबून पाहून गेली, दुसऱ्या दिवशी हात हलवला, आणि तिसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली.

माझी वाकळ ही इथल्या माझ्या पहिल्या मैत्रीचे कारण झाली, हे मी मनापासून लिहिते आहे. चार वर्षे त्या बाईंच्या घरावरून मी रोज गेले होते आणि ‘शुभ सकाळ’पलीकडे आमचे काही बोलणे झाले नव्हते. आता आठवड्यातून दोनदा, साडेदहाच्या ठोक्याला, त्या कॉफीसाठी येतात. इथे सकाळची कॉफी ही एक ठरलेली वेळ आहे आणि तिच्याबरोबर बहुतेक एकच बिस्कीट घेण्याची पद्धत आहे. मी पहिल्या दिवशी शंकरपाळ्यांची बशी भरून पुढे केली तेव्हा त्यांनी एकच उचलली. मी आग्रह केला, त्यांनी मान हलवली, आणि दोघींनाही क्षणभर अवघडल्यासारखे झाले. आता त्या तीन घेतात. त्या हळू डच बोलतात, माझी चूक दुरुस्त करतात, आणि मी पुन्हा म्हणेपर्यंत थांबतात. भाषेच्या वर्गात जे मला वर्षभरात जमले नव्हते ते त्यांच्याबरोबर जमू लागले, कारण आमच्यापुढे काहीतरी ठोस असते. सुई, दोरा, टाका, काठ, उलटी बाजू, सुलटी बाजू, हे शब्द मी त्यांच्याकडून शिकले आणि त्यांना मराठीतले शिकवले. ‘उसवणे’ हा शब्द त्यांना फार आवडतो. अशा तुकड्यांच्या पांघरुणाला डचमध्ये ‘लापेनडेकेन’ म्हणतात.

एकदा त्या येताना एक जुना कापडाचा चौकोन घेऊन आल्या. त्यांच्या आईने मुलगी असताना शाळेत शिवलेला तो नमुना होता. पांढऱ्या कापडावर मुद्दाम चौकोनी भोके पाडून ती रंगीत दोऱ्यांनी, वेगवेगळ्या विणींनी, इतकी बारीक रफू केलेली होती की भोक कुठे होते ते फक्त रंगामुळे कळत होते. त्याला ‘स्टोपलाप’ म्हणतात. पूर्वी इथल्या मुलींना फाटलेले सांधण्याचे असे रीतसर शिक्षण दिले जाई. मी तो उलटून पाहिला. उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ होती. आजीही कोणाची वाकळ पाहताना आधी कोपरा उचलून मागची बाजू पाहत असे, हे मला त्यांना सांगायचे होते, पण ते वाक्य मला त्या दिवशी डचमध्ये जमवता आले नाही. पुढच्या आठवड्यात मी ते लिहून, पाठ करून सांगितले.

त्याच बाईंमुळे मला आणखी एक शब्द सापडला. माझ्या साडीच्या एका छापील फुलांच्या तुकड्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘सिट्स’. मला वाटले त्या बसायला सांगत आहेत. मग त्यांनी समजावले की भारतातून जहाजांनी येणाऱ्या रंगीत फुलांच्या सुती कापडाला त्यांच्याकडे हे नाव आहे, आणि उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतातल्या हिंडेलोपन गावच्या बायकांचे पारंपरिक लांब अंगरखे याच कापडाचे असत. हा आपला ‘चीट’ शब्द आहे. चिटाचा परकर, चिटाचे खण, असे आजीच्या बोलण्यात येई. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हे कापड मुख्यतः आपल्या पूर्व किनाऱ्यावरून इथे आले आणि त्याच्यासोबत त्याचे नावही आले. मी त्यांना सांगितले की त्या कंपनीची वखार माझ्या गावात होती. वेंगुर्ल्याची डच वखार सतराव्या शतकातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. आम्ही शाळेत असताना तिच्या पडक्या भिंतींत झाडांची मुळे शिरलेली पाहत असू, आणि हे डच म्हणजे कोण, ते कुठून आले, असा प्रश्न आमच्यापैकी कोणाला पडल्याचे आठवत नाही. आज मी त्यांच्या देशात, त्यांच्यातल्याच एका बाईंच्या शेजारी बसून, त्या किनाऱ्यावरच्या एका बाईचे लुगडे शिवते आहे. बाईंनी बराच वेळ काही म्हटले नाही, आणि मग त्यांनी वखारीचे चित्र दाखवायला सांगितले.

रोज शिवणे होत नाही. पाच-सहा थरांतून सुई ओढून बोटांची पेरे दुखतात, अंगुस्तान घालूनही अंगठा सुजतो, तेव्हा मी सायकल काढून ॲमस्टरडॅमसे बोस या जंगलात जाते. आमच्या घरापासून ते पंधरा मिनिटांवर आहे. सुमारे एक हजार हेक्टरचे हे जंगल निसर्गाने वाढवलेले नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत ज्यांच्या हातांना काम उरले नव्हते अशा हजारो माणसांना रोजगार म्हणून १९३४ पासून इथे खणायला आणि झाडे लावायला घेतले गेले. कुदळी, फावडी आणि ढकलगाड्यांनी त्यांनी समुद्रसपाटीखालच्या सपाट शेतजमिनीवर तळी, टेकडी, वाटा आणि नौकानयनाच्या शर्यतींसाठी दोन किलोमीटरहून लांब बोसबान नावाचा कालवा उभा केला. त्या माणसांचे दिवस सक्तीने रिकामे झाले होते, आणि त्यांनी खपून जे केले ते दुसऱ्यांच्या फुरसतीसाठी केले. तिथल्या बाकावर बसले की मला हे आठवते आणि बसण्याचा संकोच कमी होतो.

त्याच जंगलात चेरीच्या ४०० झाडांची एक बाग आहे. २००० साली, जपान आणि नेदरलँड्सच्या संबंधांना ४०० वर्षे झाली तेव्हा, इथल्या जपानी महिला मंडळाने ती झाडे भेट दिली. प्रत्येक झाडाला एका स्त्रीचे नाव आहे, २०० झाडांना जपानी आणि २०० झाडांना डच. एप्रिलच्या सुरुवातीला ती फुलतात तेव्हा ॲमस्टेलव्हीनमधली जपानी कुटुंबे तिथे डबे घेऊन येतात, आणि आता भारतीय कुटुंबेही येतात, पुलाव आणि थेपल्यांचे डबे उघडले जातात. पण मी जाते ती मंगळवारी सकाळी, एकटी, आणि झाडांखालून नावे वाचत फिरते. त्या मंडळातल्या पुष्कळ जणी माझ्यासारख्याच नवऱ्याच्या नोकरीमागून या गावात आल्या असणार. त्यांनीही हाच काळोखा जानेवारी पाहिला असेल, शाळेच्या फाटकाशी अशाच शब्द शोधत उभ्या राहिल्या असतील. आणि त्यांनी मागे झाडे ठेवली, बायकांच्या नावांची. हे मला फार मोठे काम वाटते.

राइक्सम्युझियममधले योहानेस व्हर्मिअरचे दूध ओतणाऱ्या स्त्रीचे चित्र मी वर्षभराच्या संग्रहालय-कार्डामुळे चार वेळा पाहिले आहे. १६६० च्या आसपासचे हे चित्र हाताच्या दोन वितींहून फारसे मोठे नाही. स्वयंपाकघरातली एक बाई मातीच्या भांड्यातून दूध ओतते आहे, डावीकडच्या खिडकीतून उजेड येतो आहे, मेजावर पाव आहेत. मुलांबरोबर गेले तेव्हा मी त्या बाईकडे पाहिले. एकटी गेले तेव्हा तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिले. त्या पांढऱ्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याची बारीक सावली आहे, आणि पूर्वी खिळे असावेत अशी भोके आहेत. चित्रकाराने ते सगळे रंगवायला वेळ दिला. बाईच्या चेहऱ्यावर घाई नाही आणि कंटाळाही नाही, तिचे सगळे लक्ष त्या दुधाच्या धारेकडे आहे. वाकळीवर ओळ पुरी करताना आजीचे असेच लक्ष असायचे.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की माझे दिवस असेच शांत असतात. तसे नाही. बुधवारी शाळा सव्वाबारालाच सुटते, दुपार पोहण्याच्या वर्गात जाते. इथे सगळीकडे पाणी असल्यामुळे मुलांना पोहण्याचे ए, बी आणि सी असे डिप्लोमा करायला लावतात आणि त्यात अंगावरच्या कपड्यांसह, बुटांसह पोहून दाखवावे लागते. त्या ओल्या कपड्यांची पिशवी सायकलला लटकवून पावसातून येणे हा माझा बुधवार आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मुले झोपत नाहीत. पहिल्या वर्षी मुलीला ताप भरला तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात फोनवर मला तिच्या अंगावरच्या पुरळासाठी शब्द सापडला नाही आणि मी फोन ठेवून रडले होते, तो दिवस मी विसरलेली नाही. आणि दिवाळीत, आपल्याकडे पहाटे अभ्यंग चाललेले असते तेव्हा, इथे आदल्या दिवसाचीच रात्र असते. हे कशाने भरून निघत नाही आणि भरून निघावे असा माझा हट्टही नाही. पण साडेआठ ते पावणेतीन या वेळेकडे मी आता उरलेला वेळ म्हणून पाहत नाही. संध्याकाळी मुलगी शाळेतली गोष्ट सांगते तेव्हा मला ऐकायचे असते, नुसता हुंकार भरायचा नसतो, आणि ते ऐकणे मला या सकाळींमुळे जमते, असा माझा अनुभव आहे.

आईला मी शिवायला बसण्यापूर्वी व्हिडिओवर फोन करते. उन्हाळ्यात आपल्यात साडेतीन तासांचे अंतर असते, म्हणजे माझे साडेनऊ वाजतात तेव्हा तिचे जेवण आटपून ती पडवीत येऊन बसलेली असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे मागे गेली की तेच अंतर साडेचार तासांचे होते आणि माझा फोन तिच्या चहाच्या वेळेवर जातो. मी फोन खिडकीशी उभा करून ठेवते, ती तिकडे वाल सोलते किंवा नुसती बसते, मी इकडे टाके घालते. कधी कधी पंधरा मिनिटे आमच्यात एक शब्दही होत नाही, नुसता तिच्या मागून कोंबड्याचा किंवा बंदराकडे जाणाऱ्या रिक्षेचा आवाज येतो. वाकळ तिने सुरुवातीपासून पाहिली आहे, पण वरची बाजूच.

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, “उलटी बाजू दाखय बघू.”

मी कोपरा उचलला आणि सावकाश, एकेक हात सरकवत, सगळी मागची बाजू कॅमेऱ्यासमोरून नेली. ती चष्मा पुसून पाहत होती. टाके आजीच्या टाक्यांपेक्षा लहान आले आहेत असे म्हणाली, आणि ते चांगले की वाईट ते सांगितले नाही. मग एका ठिकाणी तिने मला थांबवले. चौदाव्या की पंधराव्या ओळीत सुमारे दोन हात लांबीपर्यंत टाके वेडेवाकडे गेले आहेत, कुठे लांब, कुठे आखूड, आणि ओळ शेजारच्या ओळीला जवळजवळ चिकटली आहे. मार्चमध्ये शाळेतून फोन आला होता की मुलाला ताप आहे, घेऊन जा. त्या रात्री तो झोपेपर्यंत आणि झोपल्यावरही मी त्याच्या पलंगाशी, छोट्या दिव्याच्या उजेडात, वाकळीचे एक टोक मांडीवर घेऊन बसले होते. दर अर्ध्या तासाने त्याच्या कपाळाला हात लावायचा आणि मधे टाके घालायचे. सकाळी उजेडात ती ओळ पाहिली तेव्हाच उसवायचे ठरवले होते, पण राहून गेले. आईला मी हे सांगितले आणि म्हटले की आज उद्या ती काढून पुन्हा घालते.

“पोराक ताप होतो त्या रातीची मा? मगे ऱ्हवांदे ती,” ती म्हणाली.

फोन ठेवण्यापूर्वी तिने विचारले, मधे किती उरले आहे. मी वीत लावून दाखवली, लांबीला साडेतीन विती आणि रुंदीला दीड. ती म्हणाली की मधला भाग मोकळा सोडून कड बंद करू नको, पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होऊन बसते. आणि थंडी पडायच्या आत पुरी कर. मी घड्याळ पाहिले तेव्हा दहा वाजून गेले होते, बाहेर ऊन होते, आणि बाई यायला अजून थोडा वेळ होता. मी एक हातभर दोरा तोडला, दोन वेळा चुकून तिसऱ्या वेळी ओवला, आणि मधल्या चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यापासून पुढची ओळ धरली.